वलगणीचे मासे आणि रिकाम्या रात्री : निरीक्षणाचं संशोधन कसं होतं?

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असलेले बरेच जण मला विचारतात, “पीएच.डी.साठी चांगला विषय कसा शोधायचा?” त्यांच्याशी थोडं बोललं की लक्षात येतं, विषय त्यांच्याकडे असतोच. ‘सावित्री नदीतील माशांची जैवविविधता’ हा विषय आहे. पण मुलाखतीला समोर बसलेले सर किंवा मॅडम जेव्हा विचारतात, “तुमचा रिसर्च क्वेश्चन काय?” तेव्हा गाडी अडते. विषय आणि प्रश्न या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रश्नाला उत्तर असतं, आणि ते उत्तर आपल्या अपेक्षेपेक्षा वेगळं निघू शकतं. विषयाचं तसं नसतं.

हा फरक मी आज एका उदाहरणावरून सांगणार आहे. उदाहरण मुद्दाम आपल्या भागातलं घेतलंय. महाड-पोलादपूरकडच्या कुणालाही ते समजावून सांगावं लागत नाही: वलगणीचे मासे.

वलगण म्हणजे नेमकं काय

जे या भागातले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मे महिन्यात पऱ्हे आणि ओढे आटलेले असतात. नदीत डोहापुरतं पाणी उरतं आणि मासे त्या डोहांत कोंडलेले असतात. मग मिरगाचा पहिला दणदणीत पाऊस होतो. डोंगरावरून लाल पाणी खाली येतं, ओढे वाहायला लागतात, भाताची खाचरं भरतात आणि बांधावरून पाणी ओढ्यात पडू लागतं. त्या रात्री नदीतले मासे प्रवाहाच्या उलट दिशेने वर चढतात. आधी ओढा, मग पऱ्ह्या, मग थेट खाचर. काही ठिकाणी पाणी इतकं उथळ असतं की माशाची पाठ उघडी पडते. तरी तो शेपटी मारत, सरपटत, बांधावरून पडणाऱ्या पाण्यावर उड्या मारत पुढे जातो. रायगड-ठाण्याकडे याला वलगण म्हणतात. दक्षिणेकडे सरकलात की ‘चढणीचे मासे’ हा शब्द जास्त ऐकू येतो.

गावाला ही रात्र बरोबर कळते. बॅटऱ्या निघतात, पाग निघतात, बांबूच्या टोपल्या निघतात, काही नसेल तर जुनी मच्छरदाणी निघते. बहुतेक मासे अंड्यांनी भरलेले असतात. दुसऱ्या दिवशी घराघरात तेच कालवण.

आता हे तुम्ही लहानपणापासून बघितलं असेल. पण ‘बघितलंय’ आणि ‘निरीक्षण केलंय’ यात काय फरक आहे, ते आपल्याला बघायचंय.

मासा असा धोका का पत्करतो?

पहिला प्रश्न साधा आहे. नदीत भरपूर पाणी असताना मासा वीतभर पाण्यात का शिरतो? तिथे बगळे आहेत, साप आहेत, माणसं आहेत. पाऊस उघडला की पाणी ओसरून तो अडकूही शकतो.

उत्तर अंड्यांच्या आणि पिलांच्या बाजूने बघितलं की सापडतं. पूर आलेल्या नदीत पाणी वेगाने वाहतं, गढूळ असतं, आणि अंडी खाणारे मोठे मासे तिथेच असतात. नुकतं भरलेलं खाचर उलट आहे. पाणी संथ आणि उबदार. शेणखत, राब भाजल्याची राख, कुजलेलं गवत या सगळ्यामुळे काही दिवसांत त्यात सूक्ष्म जीवांची रेलचेल होते, आणि पिलांचं पहिलं अन्न तेच असतं. नदीचं पाणी काठ सोडून आजूबाजूच्या जमिनीवर पसरणं आणि परत ओसरणं हाच नदीतल्या जीवनाचा मोठा आधार आहे, अशी मांडणी जंक, बेली आणि स्पार्क्स या तिघांनी १९८९ साली केली. तिला ‘फ्लड पल्स’ संकल्पना म्हणतात. नदी-परिसंस्थेवर काम करायचं असेल तर हा शब्द तुम्हाला पदोपदी भेटेल.

वेळेचं गणितही जुळतं. रोहू-कटल्यासारख्या माशांची अंडी २७-२८ अंश तापमानाला साधारण १५ ते १८ तासांत फुटतात. म्हणजे पाणी पुढचे काही दिवस टिकलं की पिलं पोहायला लागतात आणि हळूहळू ओढ्याकडे सरकू शकतात.

असं करणारे आपलेच मासे आहेत असं समजू नका. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर ग्रुनियन नावाचा वीतभर लांबीचा रुपेरी मासा आहे. तो अंडी घालायला चक्क समुद्रातून वाळूवर येतो. पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरच्या तीन-चार रात्री, भरती ओसरायला लागली की लाटेवर बसून मादी किनाऱ्यावर येते, शेपटीकडून वाळूत उभी घुसते आणि अंडी घालते. नर तिच्याभोवती वेटोळं घालतात. अर्ध्या मिनिटात काम उरकतं आणि पुढच्या लाटेबरोबर परत समुद्र. अंडी ओल्या वाळूत साधारण दहा दिवस वाढतात आणि पुढच्या मोठ्या भरतीची लाट त्यांना घुसळते तेव्हाच फुटतात. या माशाचा भरती-ओहोटीशी असलेला संबंध विल्यम थॉम्पसन यांनी १९१९ साली सविस्तर मांडला.

ग्रुनियन आणि वलगण, दोन्हीकडे सौदा एकच आहे: मोठ्यांनी धोका पत्करायचा आणि अंडी शत्रूंपासून लांब ठेवायची. पण एक महत्त्वाचा फरक आहे. भरतीचं वेळापत्रक वर्षभर आधी छापता येतं. पावसाचं येत नाही. म्हणून ग्रुनियन कोणत्या रात्री येईल हे आधी सांगता येतं, वलगणीची रात्र मात्र आकाशाकडे बघूनच ठरते. तुमचा अभ्यास कसा आखायचा हे या फरकावर अवलंबून आहे. ते पुढे सांगतो.

तयारी वेगळी, इशारा वेगळा

दुसरा प्रश्न: माशाला कळतं कसं?

इथे दोन पायऱ्या वेगळ्या ठेवा. पहिली पायरी तयारीची. दिवस मोठा होत जातो, पाणी तापत जातं, तशी उन्हाळ्यात माशाची अंडाशयं वाढत जातात. जूनच्या तोंडावर मादी तयार असते. पण तयार असणं म्हणजे अंडी घालणं नव्हे. दुसरी पायरी इशाऱ्याची. नवं पाणी, प्रवाह, तापमानात झालेली घट, पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं बदललेलं प्रमाण असं काहीतरी घडतं आणि मेंदूतल्या हायपोथॅलॅमसकडून पिट्युटरी ग्रंथीला निरोप जातो. तिच्यातली संप्रेरकं रक्तात येतात आणि अंडी शेवटची पक्व होऊन सुटतात.

या दोन पायऱ्या खरोखर वेगळ्या आहेत, याचा सुंदर पुरावा आपल्याच देशात मिळाला. रोहू, कटला, मृगल हे मासे तळ्यात वाढतात, तयारही होतात, पण साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यामुळे मत्स्यबीज नदीतून गोळा करावं लागायचं. बंगालमध्ये पावसाचं पाणी वाहत येईल असे ‘बांध’ बनवून माशांना पुराचा भास दिला जायचा. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात अंगुल इथे डॉ. हिरालाल चौधुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसऱ्या माशाच्या पिट्युटरीचा अर्क टोचून भारतीय कार्प माशांकडून अंडी घालून घेण्यात यश मिळवलं. नदी नाही, पूर नाही, तरी अंडी! म्हणजे पुराचं काम इशारा देण्याचं होतं, आणि तो इशारा सुईने देता आला. देशातली आजची मत्स्यबीज केंद्रं या तंत्रावर उभी आहेत. १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो तो याचसाठी. (नेट-सेटला हे विचारतात, लक्षात ठेवा.)

आता खरा मुद्दा : विजा कडाडल्या की मासे चढतात?

आमच्याकडे वाडीवस्तीवर पक्कं सांगतात की नुसत्या पावसाने मासा निघत नाही, गडगडाट व्हावा लागतो. कुणी सांगतं अमावास्या जवळ असली पाहिजे. कुणी म्हणतं पाणी लाल झालं की निघतो. हे ऐकून दोन प्रकारच्या चुका होतात. एक, “अंधश्रद्धा आहे” म्हणून सोडून देणं. दुसरी, “पारंपरिक ज्ञान आहे” म्हणून जसंच्या तसं प्रबंधात लिहिणं. संशोधकाने दोन्ही करू नये. ही सगळी विधानं म्हणजे फुकटात मिळालेली गृहीतकं आहेत. ती तपासायची.

कशी तपासणार? समजा तुम्ही गावातल्या वीस जणांना विचारलंत, “मागच्या वर्षी ज्या रात्री मासे चढले त्या रात्री गडगडाट होता का?” वीसच्या वीस जण हो म्हणाले. सिद्ध झालं? अजिबात नाही. कारण तुम्ही फक्त मासे आलेल्या रात्रींबद्दल विचारलंत. गडगडाट होऊनही मासे न आलेल्या रात्री किती, हे कुणालाच आठवत नाही. ज्या रात्री काही घडलंच नाही ती आठवणार कशी?

एक काल्पनिक हिशोब करू. जूनमधल्या ३० रात्री तुम्ही ओढ्यावर बसलात. १२ रात्री पाऊस झाला. त्यांपैकी ५ रात्री गडगडाटासह. मासे ३ रात्री चढले आणि त्या तिन्ही गडगडाटाच्या होत्या.

मासे आलेल्या रात्रींकडून बघितलं तर ३ पैकी ३, म्हणजे १०० टक्के गडगडाट. गडगडाटाकडून बघितलं तर ५ पैकी ३. पावसाकडून बघितलं तर १२ पैकी ३, म्हणजे २५ टक्के. कोरड्या १८ रात्री शून्य. आकडे तेच, पण प्रश्न कुठून विचारला त्यावर उत्तर बदललं. यातलं पहिलं सोडून बाकीची सगळी उत्तरं मिळाली ती रिकाम्या रात्री लिहून ठेवल्या म्हणूनच.

एवढ्यावर गडगडाट जिंकला असं वाटेल. थांबा. आपल्याकडे गडगडाट कधी होतो? पावसाळा लागताना, म्हणजे जूनच्या सुरुवातीला. नंतर आषाढात संततधार लागते, ती बहुतेक विनागडगडाटाची. आणि मासे कधी तयार असतात? तेव्हाच, जूनच्या सुरुवातीला. म्हणजे गडगडाट, पहिलं पाणी आणि तयार मादी या तीन गोष्टी कॅलेंडरवर एकाच जागी येतात. यांतली नेमकी कोणती कारण आहे, हे नुसत्या जोडीने येण्यावरून सांगता येत नाही. संख्याशास्त्रात याला ‘कन्फाउंडिंग’ म्हणतात. मराठीत ‘कारणांची सरमिसळ’ म्हणू.

मग सोडवायचं कसं? कुणीतरी लगेच म्हणेल, “हस्ताचा पाऊस घ्या ना! सप्टेंबरअखेरीला परत गडगडाट होतो. तेव्हा मासे चढले नाहीत तर गडगडाटाचा सिद्धांत खोटा.” कल्पना हुशार आहे, पण भोक आहे. हस्तापर्यंत मादीची अंडी घालून झालेली असू शकतात. तयारीच नसेल तर इशारा कितीही मोठा असो, फरक पडणार नाही. स्वच्छ तुलना हवी असेल तर ती जूनमध्येच, मादी तयार असतानाच करावी लागेल: गडगडाटाशिवाय जोरदार पाऊस झालेल्या रात्री विरुद्ध गडगडाटासह तेवढाच पाऊस झालेल्या रात्री. अशा रात्री एका जूनमध्ये चार-पाच मिळतील. म्हणून तीन वर्षं हवीत, किंवा एकाच वर्षी अनेक ओढे हवेत. पीएच.डी.ला वर्षं का लागतात, याचं एक उत्तर हे आहे.

महाड आणि पोलादपूर : निसर्गानेच मांडलेला प्रयोग

आता आपल्या भागाची गंमत बघा. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूरवरून उतरते, महाडला येते आणि पुढे बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते. भरतीचा परिणाम खाडीतून महाडपर्यंत जाणवतो. पूर्वी गलबतं इथवर यायची ती त्यामुळेच. वरून पावसाचं पाणी आणि खालून उधाणाची भरती एकत्र आली की महाडला पाणी चढतं, हे महाडकरांना वेगळं सांगायला नको. पोलादपूर मात्र भरतीच्या टप्प्याच्या वर आहे. तिथे पाणी वाढलं तर ते पावसानेच.

म्हणजे एकाच नदीवर दोन परिस्थिती आयत्या मिळाल्या. ‘अमावास्या जवळ असली की मासे चढतात’ हे विधान घ्या. यात तथ्य असेल तर कशामुळे असेल? माशाला चंद्राचं काही पडलेलं असेल, किंवा अमावास्येच्या उधाणाने पाण्याची पातळी वाढत असेल. पहिलं खरं असेल तर महाड आणि पोलादपूर दोन्हीकडे अमावास्येच्या आसपास जास्त मासे चढायला हवेत. दुसरं खरं असेल तर हा परिणाम फक्त महाडच्या बाजूच्या ओढ्यांवर दिसायला हवा. आणि दोन्हीकडे फक्त स्थानिक पावसाशीच मेळ बसला, तर अमावास्येचा मुद्दा निकाली.

बघा, आपण कुठून कुठे आलो. ‘सावित्री नदीतील माशांची जैवविविधता’ इथून ‘वलगणीचा इशारा स्थानिक पाऊस देतो की पाण्याची पातळी, हे भरतीच्या टप्प्यातल्या आणि टप्प्याबाहेरच्या ओढ्यांची तुलना करून तपासणे’ इथपर्यंत. दुसऱ्या वाक्यात काय मोजायचं, कुठे मोजायचं आणि काय दिसलं तर आपण चुकलो, हे सगळं आलं. मुलाखतीत हे वाक्य बोललात की पुढची दहा मिनिटं चर्चा तुमच्या बाजूने होते.

मोजायचं कसं

अंधारात, पावसात, गढूळ पाण्यात मासे मोजता येत नाहीत, अशी तक्रार येणारच. ग्रुनियनवाल्यांनाही हीच अडचण होती. त्यांनी शून्य ते पाच अशी पट्टी वापरली. तिला मत्स्यशास्त्रज्ञ बॉइड वॉकर यांच्या नावावरून ‘वॉकर स्केल’ म्हणतात. शून्य म्हणजे मासे नाहीत किंवा तुरळक, पाच म्हणजे किनारा माशांनी झाकलेला. पेपरडाइन विद्यापीठाच्या कॅरन मार्टिन यांच्या पुढाकाराने २००२ पासून तिथे सामान्य नागरिक ठरलेल्या रात्री किनाऱ्यावर जाऊन याच पट्टीवर नोंद करतात. त्यांना ‘ग्रुनियन ग्रीटर्स’ म्हणतात. शून्य ही तिथे पूर्ण मानाची नोंद आहे. घरी बसलेल्याची नोंद ‘माहिती नाही’ आणि किनाऱ्यावर जाऊन मासे न दिसलेल्याची नोंद ‘शून्य’. वहीत या दोन गोष्टी कधीही एकाच रकान्यात भरू नका.

वलगणीसाठी अशी पट्टी तुम्हीच बनवू शकता. एक ठरलेली जागा घ्या, म्हणजे बांधावरून पाणी पडतं ती जागा किंवा मोरीचं तोंड. तिथे दर तासाला दहा मिनिटं बघायचं. एकही मासा नाही तर ०, एक ते दहा म्हणजे १, दहा ते पन्नास म्हणजे २, असं. पट्टी कशीही असो, पहिल्या रात्रीच्या आधी लिहून ठेवायची आणि मध्येच बदलायची नाही. शिवाय दोन माणसांनी एकमेकांना न विचारता आकडा लिहायचा आणि मग जुळवून बघायचा. आकडे जुळत नसतील तर दोष पट्टीत आहे.

पकडलेल्या माशांवरून अंदाज काढणार असाल तर मेहनतही नोंदवा. दोघांनी एका तासात पकडलेले चार किलो आणि वीस जणांनी रात्रभरात पकडलेले चार किलो सारखे नाहीत. एकूण मासे भागिले माणसं गुणिले तास, असा साधा हिशोब ठेवा. मत्स्यशास्त्रात याला ‘प्रति प्रयत्न पकड’ म्हणतात.

माशांच्या नावांचं काय? मळ्ये, मुऱ्या, शिंगटी, खवली, वाम, डाकू. ही नावं दोन वाड्या ओलांडल्या की बदलतात. एकाच नावाने तीन जाती सांगितल्या जातात, एकाच जातीला तीन नावं असतात. म्हणून स्थानिक नाव जसं ऐकलं तसं लिहा, सोबत मोजपट्टी ठेवून फोटो काढा आणि शास्त्रीय ओळख तज्ज्ञाकडून करून घ्या. घाईत लिहिलेलं शास्त्रीय नाव पुढे सगळा प्रबंध घेऊन बुडतं.

आणि उपकरणं? पर्जन्यमापक, थर्मामीटर, पाण्याची वाहकता मोजणारा छोटा मीटर, घड्याळ, पेन्सिल. पेन पावसात चालत नाही.

यात पणाला काय लागलंय

हे सगळं फक्त कुतूहल म्हणून केलं तरी हरकत नाही. पण यामागे एक गंभीर गोष्ट आहे.

समुद्रात महाराष्ट्राच्या हद्दीत यांत्रिकी नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. मासे अंडी घालतात तो काळ मोकळा ठेवायचा, हा त्यामागचा एक विचार. नद्या-ओढ्यांतल्या गोड्या पाण्यातले मासेही त्याच दिवसांत अंडी घालतात, आणि वलगणीत पकडला जाणारा मासा नेमका अंडी घालायला निघालेला असतो. १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्यापासून पाण्यात सुरुंग लावणं आणि विष घालणं गुन्हा आहे, पण बांधावर टोपली लावणं ही वेगळी गोष्ट.

इथे एकदम “वलगण बंद करा” असं लिहून मोकळं होणं सोपं आहे. मी तसं लिहिणार नाही. ज्या घरात पावसाळ्याच्या तोंडावर बाजारातला मासा परवडत नाही, तिथे ती दोन दिवसांची हक्काची सोय असते. कॅलिफोर्नियातही ग्रुनियन पकडायला सरसकट बंदी नाही. ऐन हंगामातले काही महिने पूर्ण बंद ठेवतात, बाकी दिवसांत जाळं-टोपली न वापरता फक्त हाताने पकडायचे. असा नियम बनवता आला, कारण मासा कधी येतो आणि किती येतो याच्या नोंदी त्यांच्याकडे होत्या. आपल्याकडेही असं काही ठरवायचं असेल, उदाहरणार्थ पहिली रात्र माशांची आणि दुसरी माणसांची, तर त्याआधी एक साधा प्रश्न सुटायला हवा: सगळे मासे पहिल्याच रात्री चढतात की तीन-चार पावसांत विभागून? पहिल्याच रात्री चढत असतील तर हा नियम उपयोगाचा, पण माणसांच्या वाट्याला काही उरणार नाही. विभागून चढत असतील तर दोघांचंही भागेल. उत्तर तुमच्या त्या शून्य ते पाचच्या वहीत आहे.

आपल्याकडे माशाला वाव देण्याची पद्धत नाही असंही नाही. महाडजवळ वाळणकोंडला काळ नदीच्या डोहातले मासे देवीचे मानतात आणि ते कुणी धरत नाही. तिथले मोठाले महसीर बघायला लोक लांबून येतात. समाजाने ठरवलं तर डोह राखला जातो, याचं उदाहरण तालुक्यातच आहे.

पकडणं हे एकच कारण धरू नका. रस्ता बांधताना ओढ्यावर टाकलेल्या मोरीचा पाइप पलीकडे हातभर उंचीवरून पाणी सोडत असेल, तर छोटा मासा ती उडी मारू शकत नाही. वरचं खाचर शाबूत असूनही त्याच्यासाठी नसल्यासारखंच. जगभर नद्यांवर काम करणाऱ्यांना ही अडचण माहीत आहे. तुमच्या गावातल्या मोऱ्यांच्या तोंडाची उंची टेपने मोजणं हा एका रविवारचा उद्योग आहे, आणि त्यातूनही एक चांगला प्रकल्प निघतो.

“पूर्वी पोती भरायची, आता काही राहिलं नाही,” हे वाक्य तुम्हाला प्रत्येक वाडीत ऐकू येईल. डॅनियल पॉली यांनी १९९५ मध्ये दाखवून दिलं की प्रत्येक पिढी आपल्या तरुणपणी जे बघितलं त्यालाच ‘मूळ स्थिती’ समजते, त्यामुळे घट लक्षातच येत नाही. आजोबांची पोती, वडिलांच्या टोपल्या, आपली पिशवी. आज तुम्ही केलेली नोंद पंचवीस वर्षांनी कुणाच्या तरी कामाला येईल. तिची किंमत आज दिसणार नाही.

ओढ्यावर जाण्याआधी

एक : जीव महत्त्वाचा. २२ जुलै २०२१ ला महाडमध्ये काय झालं आणि तळियेवर काय कोसळलं, हे आपण विसरलेलो नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीचा पूल वाहून गेला, तेही. पाऊस वरच्या डोंगरात पडतो आणि पाणी आपल्या पायाशी नंतर येतं. रात्री एकटं जायचं नाही, पाण्यात उतरायचं नाही, हवामान खात्याचा लाल इशारा असेल तर घरी बसायचं. त्या रात्रीच्या रकान्यात ‘माहिती नाही’ लिहायचं. शून्य लिहायचं नाही.

दोन : नमुन्यासाठी वेगळे मासे मारू नका. लोकांनी पकडलेल्या माशांतून मादी किती, अंडाशयाचं वजन शरीराच्या वजनाच्या किती टक्के, हे त्यांच्या परवानगीने मोजता येतं. संस्थेच्या प्राणी-नीती समितीला आणि गरज असेल तिथे वनविभागाला आधी विचारा.

तीन : ज्यांच्या बांधावर बसणार त्यांना आधी भेटा. काका, मावशी जे सांगतील ते लिहून घ्या आणि प्रबंधात त्यांचे आभार माना. ‘स्थानिक लोक’ एवढ्या दोन शब्दांत त्यांना गुंडाळू नका. निष्कर्ष निघाल्यावर परत जाऊन त्यांना मराठीत सांगा.

या जूनसाठी गृहपाठ

प्रवेश मिळायची वाट बघू नका. एक ओढा निवडा. २५ मेपासून वही सुरू करा. रोजची एक ओळ: तारीख, पाऊस किती, गडगडाट हो की नाही, ओढ्याचं पाणी गढूळ की स्वच्छ, बघायला गेलो की नाही, गेलो तर किती वाजता आणि किती वेळ, आकडा शून्य ते पाच. महिनाभरात तीस ओळी होतील. त्यांतल्या बहुतेक ओळींत शून्य असेल. कंटाळा येईल. आपण वेळ वाया घालवतोय असं वाटेल, घरचेही तेच म्हणतील.

तरी लिहा. मासे चढले ती रात्र अख्ख्या गावाने बघितलेली असते, तिच्यासाठी संशोधक लागत नाही. न चढलेल्या रात्री फक्त तुमच्याकडे असतील. पुढच्या वर्षी मुलाखतीला जाताना ती वही सोबत न्या.